पायउतार झाल्यानंतरची लेखणी

पेशवाईत एखाद्या कारभाऱ्यावर सरकारची इतराजी झाली, त्याच्या ताब्यातील दप्तर काढून घेतले गेले आणि हिशेबाची रुजुवात सुरू झाली, म्हणजे आपल्या बचावासाठी त्याला जे काही सांगावयाचे असे, ते तो कैफियतीच्या रूपाने धन्यापुढे मांडी. आणि ती वाचणारा, मानणारा किंवा फेटाळणारा एकच पुरुष असल्यामुळे तिचा मजकूर कसा असावा याविषयी लिहिणाऱ्याच्या मनात फारसा संदेह नसे. परंतु ज्या राज्याला धनीच नाही, आणि ज्याचा सर्वोच्च अधिकारी ठराविक मुदत संपताच सामान्य नागरिक होऊन घरी परततो, तेथे अशी कैफियत कोणापुढे व कोणत्या स्वरूपात रुजू करावयाची, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढे त्या राष्ट्राच्या जन्माबरोबरच उभा राहिला. त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि जे मिळाले तेही मला वाटते अपुरेच आहे.

पहिल्या पिढीने मौन पत्करले. जॉर्ज वॉशिंग्टन १७९७ साली अधिकारमुक्त होऊन माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतवाडीवर परतले. कागदपत्रे त्यांनी निगुतीने जपली, पण आत्मचरित्र लिहिले नाही. टॉमस जेफरसन यांनी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, १८२१ साली, आत्मवृत्ताला हात घातला खरा. परंतु १७९० पर्यंत येऊन त्यांनी लेखणी खाली ठेवली, आणि १८०१ ते १८०९ या आपल्या अध्यक्षीय कारकीर्दीला स्पर्शही केला नाही. आपल्या समाधीवर कोरण्यासाठी त्यांनी स्वतःच योजून ठेवलेल्या मजकुरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियातील धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना या तिन्ही गोष्टी आहेत; अध्यक्षपद नाही. (आपल्याकडे नाना फडणीसांचे त्रोटक आत्मवृत्तही पानिपताच्या आसपासच संपते आणि ज्या कारभारामुळे नाना इतिहासाला ठाऊक आहेत तो त्यात येतच नाही, हे या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.)

हे मौन मोडले ते जेम्स ब्यूकॅनन यांनी, आणि तेही अगदी नाइलाजाने. १८६१ च्या मार्चमध्ये ते पायउतार झाले तेव्हा सात दक्षिणी संस्थाने संघराज्यातून फुटून निघाली होती. पुढच्याच महिन्यात यादवी युद्ध पेटले आणि त्याचे खापर त्यांच्या निष्क्रियतेवर फुटले. पेन्सिल्व्हेनियातील आपल्या घरी बसून त्यांनी बचाव लिहिला, युद्ध संपेपर्यंत तो अप्रकाशित ठेवण्याचा विवेक दाखविला आणि १८६६ साली तो प्रसिद्ध केला. त्यात ते स्वतःचा निर्देश सर्वत्र तृतीय पुरुषी करतात, जणू पायउतार झालेला गृहस्थ कोणी वेगळा असून आपण केवळ त्याचे वकील आहोत. आणि त्यांचा मुख्य मुद्दा असा की, फुटून निघालेल्या संस्थानावर बळाचा प्रयोग करण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेलाच नव्हता. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, दस्तऐवजांचा आधारही भक्कम आहे. तरीही त्या पुस्तकाने ब्यूकॅनन यांच्याविषयीचे लोकमत तसूभरही बदलले नाही, कारण काय करता येत नव्हते याची यादी वाचून काय करावयास हवे होते ही वाचकाची जिज्ञासा शमत नाही.

या पार्श्वभूमीवर युलिसिस ग्रँट यांच्या पुस्तकाचे आश्चर्य वाटते. यादवी युद्ध जिंकणारा हा सेनापती १८६९ पासून १८७७ पर्यंत अध्यक्ष होता. त्या काळात माजी अध्यक्षाला निवृत्तिवेतन नसे. १८८४ च्या मे महिन्यात ज्या पेढीत त्यांची सारी पुंजी गुंतली होती ती भागीदाराच्या लबाडीने बुडाली, आणि त्याच वर्षी त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. निव्वळ पोट भरण्यासाठी त्यांनी एका मासिकासाठी लढायांवर लेख लिहावयास घेतले. पहिला लेख लष्करी अहवालासारखा कोरडा उतरला, तेव्हा संपादकाने त्यांना समजाविले की, वाचकाला सैन्याच्या हालचालींइतकेच त्या वेळी सेनापतीच्या मनात काय चालले होते हेही हवे असते. हा धडा त्या मुखदुर्बळ पुरुषाने इतका आत्मसात केला की, मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशनसंस्थेमार्फत उदार अटी देऊ केल्यानंतर, वाचा जाईपर्यंत तोंडी सांगून आणि वाचा गेल्यावर पेन्सिलीने लिहून, त्यांनी दोन खंड पुरे केले, आणि अवघ्या काही दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी, देह ठेवला. पुस्तक वर्गणीदार मिळवून विकले गेले, घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांत त्यांचे जुने शिपाईही होते, आणि त्यांच्या विधवेला त्यातून सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

पण या ग्रंथाची खरी गंमत त्याच्या आशयात आहे. मेक्सिकोच्या ज्या युद्धात ते स्वतः लढले, ते युद्ध अन्याय्य होते असे ते निःसंकोच लिहितात. दक्षिणेचे जनरल ली शरण आले त्या दिवशी विजयाचा उन्माद न वाटता विषाद वाटला, असेही सांगतात. आणि युद्धाच्या समाप्तीबरोबर पुस्तक संपवितात. अध्यक्षपदाची आठ वर्षे, त्या काळात सहकाऱ्यांनी केलेले मद्यकराचे घोटाळे, युद्धमंत्र्याची लाचलुचपत, यांपैकी एकाही गोष्टीचा खुलासा तेथे नाही. मृत्युशय्येवरील पुरुषाजवळ तेवढा वेळ उरला नव्हता हे खरे. परंतु तो असता तरी त्यांनी तो तिकडे वेचला असता, असे मला वाटत नाही. राजकारणी पुरुषाच्या पुस्तकाला बाजारात मोल आहे हे प्रकाशक ग्रँट यांच्याकडून शिकले. त्या मोलाचा कारभाराच्या जबाबाशी अतिशय अल्प संबंध आहे, ही गोष्ट मात्र कोणी फारशी ध्यानात घेतली नाही.

विसाव्या शतकात या लेखनाला रीतसर संस्थेचे रूप आले. हॅरी ट्रूमन १९५३ साली घरी परतले तेव्हा त्यांना सैन्यातील जुजबी निवृत्तिवेतनाखेरीज उत्पन्न नव्हते, आणि कंपन्यांना आपले नाव विकावयाचे नाही असा त्यांचा बाणा होता. म्हणून त्यांनी साहाय्यकांचा ताफा जमवून दोन खंड सिद्ध केले, जे उपयुक्त असूनही खात्याच्या वार्षिक अहवालासारखे वाचावे लागतात. १९५८ साली माजी अध्यक्षांना वेतन देणारा कायदा झाला, आणि पोटासाठी लिहिण्याची सबब तरी संपली. अधिकाराच्या वर्षांवरची पुस्तके अशी नीरसच उतरतात, या म्हणण्याला प्रतिवाद म्हणून कोणी इंग्लंडच्या चर्चिलसाहेबांकडे बोट दाखवील. १९४५ च्या पराभवानंतर त्यांनी सरकारी कागद हाताशी घेऊन महायुद्धाचा सहा खंडांचा इतिहास लिहिला, त्यातले काही खंड बाहेर पडले असतानाच ते १९५१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले, आणि १९५३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिकही त्यांनी मिळविले. परंतु त्या सहांपैकी रसिकाने पुनःपुन्हा वाचावा असा खंड माझ्या मते पहिलाच, आणि त्याचा बहुतेक भाग ते अधिकाराबाहेर राहून एकाकीपणे इशारे देत होते त्या वर्षांचा आहे.

जिमी कार्टर यांच्या हाती ही परंपरा आली तेव्हा तिला एक अनपेक्षित वळण मिळाले. १९८० ची निवडणूक हरून, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, ते जॉर्जियातील प्लेन्स या खेड्यात परतले, तेव्हा विश्वस्तांच्या हाती सोपविलेला भुईमुगाचा व्यापार सुमारे दहा लाख डॉलरांच्या कर्जात बुडालेला होता. १९८२ चे त्यांचे पहिले पुस्तक रिवाजाला धरून होते: कॅम्प डेव्हिडची तेरा दिवसांची मसलत, तेहरानमधील ओलिसांचे प्रकरण, प्रत्येक निर्णयाची कारणमीमांसा. ते प्रामाणिक आहे आणि कंटाळवाणेही आहे. पण तेथे न थांबता त्यांनी मासेमारीवर लिहिले, वार्धक्यावर लिहिले, कवितासंग्रह काढला, २००३ साली कादंबरीही प्रसिद्ध केली. पुस्तकांची संख्या तीसच्या वर गेली. २००६ च्या पॅलेस्टाइनवरील पुस्तकामुळे तर त्यांच्याच संस्थेच्या सल्लागार मंडळावरील चौदा जणांनी राजीनामे दिले. माजी अध्यक्षाने स्वदेशाच्या परराष्ट्रनीतीवर उघड टीका करावी की नाही, हा वाद त्यामुळे पेटला. त्यांची आई लिलियन वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून मुंबईजवळ विक्रोळीला येऊन राहिली होती. तिचे चरित्रही त्यांनी २००८ मध्ये लिहिले, आणि विक्रोळीच्या दवाखान्याला एका अमेरिकी अध्यक्षाच्या ग्रंथसंपदेत असे अवचित स्थान मिळाले.

या साऱ्या संभारात श्रेष्ठ ठरते ते २००१ साली आलेले बालपणाचे पुस्तक. मंदीच्या काळातील शेत, कुळाने राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आणि त्यांच्या मुलांबरोबर वाढलेला जमीनदाराचा मुलगा असा त्याचा विषय. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, दोन कृष्णवर्णीय सवंगड्यांबरोबर तो कुरणाच्या फाटकाशी आला, तेव्हा ते दोघे एकाएकी मागे सरले आणि त्यांनी त्याला पुढे जाऊ दिले. प्रथम त्याला ती थट्टा वाटली. नंतर, बहुधा त्यांच्या आईबापांनी त्यांना तशी समज दिली असावी, असे त्याच्या ध्यानी आले. अधिकार म्हणजे काय, तो मागितल्यावाचून कसा मिळतो आणि मिळताना मैत्री कशी हिरावून नेतो, याचा जो उलगडा या दीडदोन पानांत होतो, तो १९८२ च्या जाडजूड ग्रंथात कोठेही होत नाही.

आपल्या देशात पुढारी सहसा निवृत्तच होत नसल्यामुळे या प्रकारचे लेखन विरळा. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे मात्र जातीचे साहित्यिक. रामटेकने दोनदा लोकसभेवर पाठविलेल्या या आंध्र पुरुषाला मराठी उत्तम येत असे, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. पंतप्रधानपद गेल्यावर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी आत्मचरित्राऐवजी इंग्रजीत कादंबरी दिली. तिचा नायक आनंद एका काल्पनिक राज्यात जमिनीच्या फेरवाटपासाठी झगडतो, आणि कथानक लेखक मुख्यमंत्री होते त्या काळाच्या आसपासच आवरते. १९९१ मध्ये पंतप्रधान झाल्यानंतरचा मजकूर तेथे नाही. अयोध्येतील बाबरी मशिदीच्या पाडावाविषयीचा त्यांचा बचाव ते गेल्यावर, २००६ साली बाहेर आला, आणि त्यात तीनशे छप्पन्नावे कलम, राज्यपालांचा अहवाल, केंद्राचे मर्यादित अधिकार असा जो युक्तिवाद आहे, तो ब्यूकॅनन यांनी १८६६ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा सख्खा भाऊ शोभेल. जमीनदार आमदार भूसुधारणेचा कायदा सभागृहात कसा बोथट करतात हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला ती कादंबरी एकटी पुरेल. ६ डिसेंबर १९९२ रोजी दिल्लीत निर्णय का झाला नाही हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने दुसरे पुस्तक त्या पाडावाच्या चौकशीच्या २००९ च्या लिबरहान अहवालाशेजारी ठेवून, दोन्ही दप्तरांची रुजुवात स्वतःच केलेली बरी.