अंगण कोणाचे?

घर माझे, अंगण माझे, भिंतही माझीच. मग त्या भिंतीला कोणता रंग द्यावा हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला कसा असू शकेल? मालकी या शब्दाच्या अर्थातच या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे, अशी आपली समजूत असते. परंतु व्यक्तिस्वातंत्र्याचा सर्वाधिक उद्घोष करणाऱ्या अमेरिकेतच आज कोट्यवधी माणसे अशा घरांत राहतात, जेथे हिरवळीची उंची, कुंपणाचा आकार, दाराचा रंग आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर किती वेळ ठेवावा, हे सारे शेजाऱ्यांचे मंडळ ठरविते. 'होमओनर्स असोसिएशन' या नावाने ओळखली जाणारी ही घरमालकांची मंडळे १९७० मध्ये सुमारे १०,००० होती. आज ती साडेतीन लाखांच्या वर गेली असून ७ कोटींहून अधिक लोक त्यांच्या कक्षेत राहतात, असा त्या क्षेत्रातील संस्थांचा अंदाज आहे.

या मंडळाची सत्ता मुळात सरकारकडून आलेली नसते. ती खरेदीखतातून आलेली असते. जमिनीचे तुकडे पाडून घरे बांधणारा विकासक पहिले घर विकण्यापूर्वीच अटींचा दस्तऐवज नोंदवून ठेवतो. त्या अटी माणसाला नव्हे, जमिनीला चिकटलेल्या असतात. घर कितीही वेळा विकले गेले तरी प्रत्येक नवा मालक त्यांनी बांधला जातो. मग त्याने तो दस्तऐवज वाचलेला असो वा नसो. अंमलबजावणीची रीतही बहुतेक ठिकाणी ठरलेली आहे. मंडळाने नेमलेल्या व्यवस्थापन कंपनीचा माणूस गाडीतून वसाहतीची फेरी मारतो. उडालेला रंग, वाढलेले गवत, मोडकी फळी टिपून घेतो आणि छायाचित्र काढतो. मग पत्र येते व दुरुस्तीसाठी मुदत दिली जाते. मुदत टळली की सुनावणीची नोटीस, त्यानंतर दंड. पुढे त्यात वकिलाचा खर्च मिसळतो आणि काही राज्यांत ही रक्कम अखेर घरावर बोजा म्हणून चढते.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे. म्हणूनच तिची बाजू आधी नीट ऐकून घेतली पाहिजे. सामान्य अमेरिकन कुटुंबाची आयुष्यभराची बचत बहुधा घरातच गुंतलेली असते आणि त्यासाठी काढलेले कर्ज अनेकदा तीस वर्षे फेडावयाचे असते. शेजारचे छप्पर खचले, अंगणात मोडक्या गाड्या साठल्या, तर त्या निष्काळजीपणाची किंमत ज्याने काहीही केलेले नाही अशा माणसाला मोजावी लागते. शिवाय नीटनेटका रस्ता हीदेखील एक सामाईक संपत्तीच होय. माझ्या भिंतीची आतली बाजू मी पाहतो; बाहेरची बाजू मात्र मुख्यतः शेजारी पाहतो. त्या बाजूवर त्याचा काहीएक हक्क आहे, हे मान्य करण्यात अन्याय नाही.

तथापि, बाह्यदर्शनाची ही काळजी कोठवर जाऊ शकते, याचा इतिहासही विसरता येत नाही. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेविटटाऊन या प्रचंड वसाहतीत हिरवळ नियमित कापण्याची सक्ती होती आणि कुंपण घालण्यास मनाई होती. आणि त्याच वसाहतीच्या आरंभीच्या करारपत्रांत कृष्णवर्णीयांना तेथे राहू न देण्याचीही अट होती. देशभर अशा असंख्य खरेदीखतांत गवत आणि माणसाची कातडी एकाच कागदावर नियमबद्ध झाली होती. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदाच्या अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. अटी लिहिणारी माणसे स्वतःला दुष्ट समजत नव्हती. आपण केवळ वसाहतीचे रूप आणि घरांची किंमत राखतो आहोत, अशीच त्यांची भावना असावी. नेमकी तीच गोष्ट आपल्याला सावध करणारी आहे.

मूळ नैतिक प्रश्न मात्र याहून सूक्ष्म आहे. नियम वाजवी आहे, त्यात भेदभाव नाही आणि मालकाने तो स्वीकारलेला आहे, असे धरून चालू. तरीही तो कसा अमलात आणावा? १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तीन मांजरे पाळणाऱ्या एका सदनिकाधारक स्त्रीचा खटला आला. ती मांजरे घराबाहेर पडत नव्हती. पण दस्तऐवजात पाळीव प्राण्यांना बंदी होती. न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की नोंदलेली अट वाजवीच आहे असे गृहीत धरावे आणि तिची वाजवीपणाची कसोटी संपूर्ण वसाहतीच्या दृष्टीने लावावी, त्या एका मालकाच्या परिस्थितीवरून नव्हे. कायद्याच्या दृष्टीने या भूमिकेत अर्थ आहे. प्रत्येक मांजराची स्वतंत्र चौकशी करीत बसले तर कोणताही करार टिकणार नाही. परंतु न्यायालयाला जे पाहता येत नाही, ते शेजाऱ्यानेही पाहू नये काय?

वाढलेल्या गवताचेच उदाहरण घेऊ. ते आळसाने वाढलेले असेल. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला असेल, नोकरी गेली असेल, गवत कापणारा पती नुकताच वारला असेल, किंवा म्हातारपणी यंत्र ढकलवत नसेल. छायाचित्रात ही पाचही अंगणे सारखीच दिसतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र अवर्षण होते. राज्य सरकार लोकांना पाणी वाचविण्यास सांगत होते आणि हिरवळ सुकली म्हणून काही मंडळे दंडाची भीती घालीत होती. अवर्षणाच्या आणीबाणीत पाणी न घातल्याबद्दल दंड करू नये, असा कायदा त्याच वर्षी करावा लागला. सुकलेले गवत ही तेथे नागरिक कर्तव्याची खूण होती, पण नियमाला ती बेपर्वाईच दिसली.

टेक्सासमधील फ्रिस्को येथे २००८ मध्ये सुमारे ८०० डॉलर वर्गणी थकल्यावरून मंडळाने एका घराचा लिलाव केला. तीन लाख डॉलरचे ते घर अवघ्या ३,५०० डॉलरना गेले. घराचा मालक तेव्हा सैन्यात असून इराकमध्ये होता. पुढे तडजोडीने घर परत मिळाले. येथे प्रश्न वर्गणीचा होता, रंगाचा नव्हे. पण यंत्रणा तीच. पत्रे पाठविली गेली होती. ती उघडली गेली नव्हती.

शिकागोतील एका उंच इमारतीत दाराबाहेर कोणतीही वस्तू ठेवू नये, असा नियम २००१ मध्ये झाला. त्याचा रोख पायपुसणी, बूट अशा वस्तूंवर होता. काही वर्षांनी त्याच नियमाखाली यहुदी कुटुंबांच्या चौकटीवरील 'मेझुझा', म्हणजे धर्मवचनांची छोटी पेटी, काढून टाकण्यात येऊ लागली. त्या कुटुंबाला हेतुपुरस्सर भेदभावाचा दावा चालविता येईल, असे संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये ठरविले. बूट आणि श्रद्धा यांतला फरक ओळखण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, यातच नियमाच्या आंधळेपणाची कबुली आहे.

हा आंधळेपणा नवा नाही. कायदा सर्वसाधारण शब्दांत बोलतो, म्हणून एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो चुकणारच, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. ती चूक दुरुस्त करणाऱ्या वृत्तीला ग्रीक भाषेत 'एपिकिया' असे नाव होते. आपण तिला तारतम्यबुद्धी म्हणू. संत थॉमस अक्वायनस यांनी तिची गणना सद्गुणांत केली. ठेव म्हणून ठेवलेली वस्तू मागताच परत द्यावी हा नियम योग्य. पण ठेवलेली तलवार वेडाच्या भरात मागणाऱ्याच्या हाती ती देणे हा नियमाचा सन्मान नव्हे, असे त्यांचे उदाहरण आहे. शब्बाथ दिवशी शेतातली कणसे मोडणाऱ्या भुकेल्या शिष्यांचा प्रसंग तर आपल्या सर्वांच्या परिचयाचाच आहे.

यावर मंडळाचा पदाधिकारी एक रास्त आक्षेप घेईल. 'आज एकाला सवलत दिली तर उद्या दुसरा विचारील, मलाच दंड का? निवडक अंमलबजावणीचा आरोप घेऊन तो न्यायालयात जाईल.' ही भीती खरी आहे. सवलती अनेकदा ओळखीच्यांना आणि वजनदारांनाच मिळतात. म्हणून एकसारखेपणा हे दुर्बळांचेही संरक्षण असते. पण एकसारखेपणा कशात असावा? सर्वांना एकच शिक्षा हा एक प्रकार झाला. सर्वांना एकच प्रश्न, 'काय अडचण आहे?' हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारात नियम मोडीत निघत नाही, गवतही कापले जाते. फक्त मुदत वाढते, किंवा शेजारचा तरुण शनिवारी आपले यंत्र दोन हात पुढे नेतो. दया म्हणजे नियमाला सुट्टी, हा समज आपण सोडला पाहिजे. नियम ज्या हेतूने केला तो माणसाला न मोडता साधणे, एवढेच दया मागते.

कायद्याने आपल्या परीने हात आवरण्याचा प्रयत्न चालविला आहे. फ्लॉरिडात दंड कायम करण्यापूर्वी कार्यकारिणीबाहेरच्या किमान तीन सदस्यांच्या समितीपुढे सुनावणी आवश्यक आहे. आरोप करणाऱ्यानेच निवाडा करू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. कोलोरॅडोने २०२२ मध्ये केवळ दंडापोटी घर विकण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये, आरोग्य व सुरक्षिततेचे प्रश्न वगळता, दर उल्लंघनामागे दंडाला १०० डॉलरची मर्यादा घातली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण कायदा दंडाची रक्कम ठरवू शकतो. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारायला तो कोणाला पाठवू शकत नाही.

आपल्याकडे, वाडी सोडून सदनिकेत आलेल्यांना हा विषय परका नाही. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीची बाहेरची भिंत राखणे हे सामान्यतः संस्थेचेच काम असते. तरी बाल्कनीची जाळी, कठड्यावरच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे यांवरून सूचनाफलक भरतातच. एकाच जिन्यावर राहणारी माणसे एकमेकांशी सचिवाच्या सहीच्या पत्रांतून बोलू लागतात, तेव्हा संस्था टिकते, पण शेजार संपतो.

अंगण कोणाचे? कागदोपत्री ते मालकाचे आहे, आणि पाहणाऱ्याचाही त्यावर थोडा अधिकार आहे. पण ज्याला पाहण्याचा अधिकार हवा, त्याने पाहण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. उंच वाढलेले गवत ही अनेकदा एखाद्या घराने न बोलता दिलेली खबर असते. तिची नोंद वहीत करणे हे मंडळाचे काम असेल. ती आधी वाचणे हे शेजाऱ्याचे काम आहे.