कोणाचे पाप, कोणाचे पुण्य?

घरात व्यंग घेऊन मूल जन्माला आले की औषधाच्या बाटलीआधी एक प्रश्न त्या घरात शिरतो. हे कोणामुळे झाले? विचारणारी माणसे वाईट नसतात. आजी असते, मावशी असते, शेजारीण असते. ग्रहणात विळीवर बसली होतीस का, असे एखादी हळूच विचारते. कोणाला घराण्यातला जुना शाप आठवतो, तर कोणी गेल्या जन्माचा हिशेब काढतो. आम्हां ख्रिस्ती लोकांत गेला जन्म नाही. पण म्हणून आमची सुटका होते असे समजू नका. आमच्याकडे हाच प्रश्न दुसरा अंगरखा घालून येतो. देव तुमची परीक्षा पाहत आहे, तुमच्या विश्वासात कोठे उणीव राहिली का ते तपासा, असे आम्हांला सांगण्यात येते.

हृदयाचे व्यंग तर वरून दिसतही नाही. मूल हसते, मूठ चोखते, दिव्याकडे टक लावून पाहते. मात्र दूध पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, कपाळावर घामाचे थेंब उभे राहतात आणि महिन्यामागून महिने गेले तरी अंग धरीत नाही. आईला वाटते, आपलेच दूध कमी पडते आहे. पहिला आरोप ती स्वतःवरच ठेवते. मग लोकांनी ठेवलेला दुसरा आरोप तिला खरा वाटू लागतो.

डॉक्टरांचे म्हणणे याहून साधे आहे. जन्मणाऱ्या हजार मुलांत सुमारे आठ-नऊ मुलांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. गर्भ राहिल्यानंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदयाचे कप्पे घडतात. तोवर पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. क्वचित कारण सापडते: गरोदरपणी झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, एखादे औषध, गुणसूत्रांतला दोष. पण बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता येत नाही. विळीवर ठेवता येत नाही आणि आईच्या प्रार्थनेवर तर नाहीच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हाच प्रश्न येशूपुढे आला होता. जन्मापासून आंधळा असलेला एक मनुष्य वाटेवर दिसला, तेव्हा शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे आणि दिवस आहे तोवर ते काम आपण केले पाहिजे, अशा अर्थाचे तो बोलला. मग तो खाली वाकला, थुंकीने माती भिजवली, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावली आणि त्याला शिलोह नावाच्या तळ्यावर धुवायला पाठवले. शिष्यांचे लक्ष मागे, झालेल्या गोष्टीकडे होते; त्याने ते पुढे, करायच्या कामाकडे वळवले. या गोष्टीतला चमत्कार सर्वांच्या ध्यानात राहतो. मला मात्र ती भिजवलेली माती अधिक आठवते.

याच शास्त्रात दावीद राजाची गोष्टही आहे, हे मी लपवीत नाही. तेथे बापाच्या पापापायी तान्हे मूल आजारी पडते आणि सातव्या दिवशी जाते. आजारी मुलाच्या उशाशी बसून ती गोष्ट वाचणाऱ्या आईबापांच्या काळजात काय होत असेल, ते त्यांनाच ठाऊक. पण ती एका राजाची गोष्ट आहे. सर्व घरांना लावायचा कायदा तिच्यातून निघत नाही. पुढे यहेज्केल संदेष्ट्याने तर बापाच्या अपराधाचे ओझे मुलावर पडणार नाही, असे स्वच्छ सांगून टाकले आहे. म्हणजे पवित्र शास्त्रातच या प्रश्नाशी झगडा चाललेला आहे आणि येशूच्या तोंडून त्याला उत्तर मिळालेले आहे.

हा विचार मला पुस्तकातून सुचला नाही. आमच्या मंडळीतल्या दोन घरांनी तो माझ्यापुढे आणून ठेवला.

पहिल्या घरातल्या मुलीचे ओठ आणि नखे रडताना निळी पडत. तिला जो दोष होता, त्याला फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरचे नाव आहे; त्याने १८८८ साली त्याचे वर्णन केले. त्यात चार दोष एकत्र नांदतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, मोठी रोहिणी त्या भोकावरच बसलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसांत जात नाही आणि शुद्ध-अशुद्ध मिसळून अंगभर फिरते. निळा झटका आला म्हणजे मुलीचे गुडघे तिच्या छातीशी दाबून धरायचे, हे आईला शिकवण्यात आले होते. त्याने पायांकडच्या रक्ताला अडथळा होतो आणि फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त वळते. ही मुले मोठी झाली की खेळता खेळता आपण होऊन उकिडवी बसतात; शरीर स्वतःच उपाय शोधून काढते.

त्या घरात सात महिने कोणी मोठ्याने बोलले नाही. मुलगी रडू नये म्हणून सारे घर तिच्याभोवती फिरत असे. पाच वर्षांच्या थोरल्या भावाला हसण्याचीसुद्धा चोरी झाली होती. मंडळीतले काही जण सांगत की, ऑपरेशन करणे म्हणजे देवावर विश्वास नसणे. बापाच्या कचेरीतले मित्र सांगत की, प्रार्थनेत वेळ कशाला घालवता. आई दोघांचेही ऐकून घेई. एकदा मी तिला विचारले की, तू देवाजवळ काय मागतेस? ती म्हणाली, “बाई, आता मागणे संपले. मी नुसती हजेरी लावते. तो आहे, मी आहे, ही आहे.”

प्रार्थना आणि औषध यांचे भांडण मला कधीच समजलेले नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, असे आम्ही मानतो. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले; वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० साली बायकांसाठी दवाखाना काढला. ही माणसे प्रार्थना करूनच शस्त्र हाती घेत. निळ्या बाळांचा इतिहासही असाच आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉक्टर ब्लेलॉक यांनी अशा एका पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया केली. कल्पना होती हेलन टाउसिग या डॉक्टरबाईंची. त्यांना ऐकू फार कमी येई, म्हणून मुलांच्या छातीवर हात ठेवून त्या ठोके जाणत. कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवली होती व्हिव्हियन थॉमस या काळ्या सहायकाने. त्याला महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती. पण त्या दिवशी सर्जनच्या मागे उभे राहून तोच टाका कसा घ्यावा हे सांगत होता. ती मुलगी पुढच्या वर्षी गेली. पण तिच्यामागून आलेली हजारो मुले जगली.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ च्या मार्चमध्ये, मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टर लिलेहाय यांनी याहून धाडसाची गोष्ट केली. हृदय उघडून भोक शिवायचे, तर तेवढा वेळ मुलाचे रक्त कोणी फिरवायचे? त्यांनी शेजारच्या टेबलावर मुलाच्या बापाला निजवले. मुलाचे अशुद्ध रक्त नळीवाटे बापाच्या अंगात जाई, बापाच्या फुप्फुसांत शुद्ध होई आणि परत मुलाकडे येई. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव जाण्याची ही जोखीम आहे, अशी टीका तेव्हा झाली. ते पहिले मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने दगावले. तरी पुढच्या वर्षभरात अशी ४५ मुले त्या टेबलावर आली आणि त्यांतली २८ बरी होऊन घरी गेली. बहुधा आई नाहीतर बापच शेजारी निजत असे. एकाने दुसऱ्याचा भार वाहावा, एकाचे रक्त दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हे आम्ही ख्रिस्ती लोक दर रविवारी ऐकतो. तेथे ते नळीतून वाहताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या मंडळीतल्या त्या मुलीचे ऑपरेशन पुण्याला झाले आणि ते यशस्वी झाले. छातीवर मधोमध एक उभी रेघ उरली आहे. आता ती इतर मुलींसारखी हट्ट करते, पडते, मार खाते, आणि तिचे रडे ऐकून आईला अजून क्षणभर तिच्या ओठांकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या घरातही असेच बाळ होते. दोष मात्र अधिक गुंतागुंतीचा. तेच पाळक प्रार्थनेला जात. त्याच बायकांनी दोन्ही घरांसाठी उपास केले. ऑपरेशनही झाले. चौथ्या दिवशी बाळ गेले.

पुढे एका रविवारी पहिल्या मुलीच्या बापाला उपासनेत साक्ष द्यायला सांगण्यात आले. आमच्याकडे देवाने केलेला उपकार मंडळीसमोर बोलून दाखवण्याची रीत आहे. तिसऱ्या बाकावर दुसऱ्या बाळाची आई बसली होती, रिकाम्या मांडीवर गीतांचे पुस्तक घेऊन. अशा वेळी जे बोलायची सवय आहे ते सर्वांच्या तोंडपाठ असते: आम्ही विश्वासाने प्रार्थना केली आणि देवाने ऐकले. तो गृहस्थ उठला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “आमची मुलगी जगली, त्याबद्दल मी देवाचे उपकार मानतो. ती का जगली, हे मला ठाऊक नाही. आमच्याहून अधिक विश्वासाने प्रार्थना करणारी माणसे येथे बसली आहेत.” आणि तो खाली बसला.

काही जणांना ती साक्ष अपुरी वाटली. मला ती त्या वर्षातली सर्वांत भरलेली साक्ष वाटली. कारण पापाच्या प्रश्नाला एक जुळा भाऊ आहे आणि तो आपल्याला फार प्रिय असतो. मूल आजारी पडले की आपण विचारतो, कोणाचे पाप? मूल वाचले की आपण म्हणतो, आमचे पुण्य, आमचा नवस, आमचा विश्वास. वांद्र्याच्या मोतमाउलीला सर्व धर्मांची माणसे मेणाची बाळे वाहतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावीत नाही. ते मेण डोळ्यांतल्या पाण्याने मळलेले असते. पण “माझ्या विश्वासाने मूल वाचले” असे मी म्हटले, की न बोलता मी शेजारच्या आईला सांगितलेले असते, तुझा विश्वास कमी पडला. पहिला प्रश्न क्रूर म्हणून टाकून द्यायचा, तर दुसरे उत्तरही टाकून दिले पाहिजे. दोन्ही एकाच वहीतली पाने आहेत.

मग विश्वासाचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. मी शाळेत शिकवते. उपयोगाचा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. ज्याची प्रार्थना मान्य झाली नाही, त्यालाच आम्ही प्रभू म्हणतो. तेव्हा प्रार्थना म्हणजे हुंडी नव्हे, हे आम्हांला तरी कळायला हवे. पोर म्हणजे म्हातारपणची काठी, पोर म्हणजे वंशाचा दिवा, असे म्हणून आपण त्याच्यावर पुढच्या पन्नास वर्षांची जबाबदारी टाकून मोकळे होतो. आजारी हृदयाच्या बाळाच्या आईबापांना हा सौदा करता येत नाही. उद्याची खात्री नसताना आज पूर्ण माया करायची, हे त्यांना पाळण्यापाशीच शिकावे लागते. तसे करताना मन कोरडे पडू नये, जपण्याच्या नादात थोरल्याचे हसणे बंद होऊ नये, मूल गेले तर ती माया फुकट गेली असे वाटू नये, यासाठी लागणारे बळ मी त्या दोन्ही घरांत पाहिले. त्यालाच मी विश्वास म्हणते. तो दोन्ही घरांत सारखाच होता.

या प्रश्नाची किंमत केवळ मनाला मोजावी लागत नाही. दोष लाजेने झाकला जातो आणि उपचाराचे दिवस निघून जातात. २०१३ साली पालघरातून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात हृदयदोषही धरलेला आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत ही तपासणी होते. पण मूल कोणाला दाखवायचेच नाही, असे ठरवलेल्या घरात डॉक्टर काय तपासणार?

दिवाळीच्या दिवसांत आपण एकमेकांच्या घरी जातो. तुमच्या नात्यात वा गल्लीत असे एखादे बाळ असेल, तर त्याच्या आईला काही विचारू नका आणि काही समजावूही नका. फराळाच्या डब्याबरोबर गरम भाजीभाकरीचा डबा न्या, कारण त्या घरात चूल वेळेवर पेटत नाही. फटाके त्या दारापासून दूर उडवा. धूर त्या छातीला सोसत नाही. थोरल्या भावंडाला तासभर आपल्याकडे आणा आणि त्याला पोटभर मोठ्याने हसू द्या. आणि जमले तर बाळ दोन तास आपल्या मांडीवर घ्या. त्याची आई कित्येक रात्री झोपलेली नाही.