वाढविलेली शक्ति, न वाढलेला सांठा

मनुष्यानें आपल्या गरजा वाढवाव्या कीं कमी कराव्या, हा वाद फार प्राचीन आहे. एपिक्यूरस या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें वासनांचे तीन वर्ग केले: स्वाभाविक व आवश्यक, स्वाभाविक परंतु अनावश्यक, आणि जी स्वाभाविकहि नाहीं व आवश्यकहि नाहीं अशी पोकळ वासना. आपल्याकडे योगसूत्रांनीं अपरिग्रहास यमांमध्यें स्थान दिलें. परंतु या वादाचा एक दोष असा कीं, तो बहुधा हवेंत चालतो. गरज किती, तिची किंमत काय आणि ती कोणी भरावयाची, याचा हिशेब पुढें नसल्यामुळें एक पक्ष वैराग्याची स्तुति करतो, दुसरा प्रगतीची. आणि दोन्ही पक्ष आपापल्या घरीं जाऊन सारखेच दिवे लावतात. म्हणून हा प्रश्न जेथें आंकड्यांनीं मोजतां येतो असें एक लहानसें उदाहरण घेणें आम्हांस इष्ट वाटतें. तें उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील कालव्यांवर होडींत कायमचे राहणारे लोक आणि त्यांची वीज.

हे कालवे मुख्यत्वें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतले. त्यांवर जागोजाग 'लॉक' आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधील हौद. त्यांत पाणी भरून होडी वर चढवितात, किंवा पाणी सोडून खालीं उतरवितात. जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकारानें आपल्या कालव्यांवरील लॉकांची रुंदी सुमारें ७ फूट ठेविली, आणि म्हणून त्यांवर चालणाऱ्या होड्याहि तितक्याच अरुंद, परंतु ७० फुटांपर्यंत लांब झाल्या. पूर्वीं त्यांस घोडा ओढीत असे, आणि नावाड्याचें सारें कुटुंब मागच्या बाजूच्या सुमारें दहा फुटांच्या खोलींत संसार करी. एल. टी. सी. रोल्ट हा इंजिनिअर १९३९ पासून अशाच एका होडीवर राहिला. त्याच्या १९४४ च्या पुस्तकानें या विस्मृत कालव्यांकडे लोकांचें लक्ष वळविलें, आणि १९४६ सालीं त्यांच्या रक्षणासाठीं संस्था निघाली. आज तेथें हजारों लोक राहतात. ज्यांस धक्क्यावर कायमची जागा नाहीं, त्यांस १९९५ च्या कायद्यान्वयें सामान्यतः एका ठिकाणीं १४ दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. अर्थात् कांठावरून येणारी विजेची तार त्यांच्या नशिबीं नाहीं. छपरावरील सूर्यपट्ट्यांनीं आणि होडीच्या इंजिनानें जी वीज मिळेल ती बॅटऱ्यांत सांठवावयाची आणि तींतून दिवस काढावयाचा, हा त्यांचा संसार.

अशा होडींत कांहीं वर्षें गेलीं कीं एक विचार बहुधा येतो: आणखी एक इन्व्हर्टर बसवावा. भारनियमनाच्या काळापासून महाराष्ट्रांत हा शब्द घरोघर झाला आहे; परंतु आपण बॅटरी व इन्व्हर्टर यांस एकच वस्तु समजतों, आणि येथेंच विचाराचा घोटाळा होतो. इन्व्हर्टर वीज उत्पन्न करीत नाहीं, सांठवीतहि नाहीं. बॅटरींतील एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाचें तो घरगुती उपकरणांस लागणाऱ्या उलटसुलट प्रवाहांत रूपांतर करतो, इतकेंच. तो मोठा केला म्हणजे एका क्षणीं अधिक वीज खर्चितां येते. खर्चावयास अधिक वीज मिळते असें नव्हे.

हिशेब करून पाहूं. बारा व्होल्टांच्या, प्रत्येकीं १०० अँपिअर-तासांच्या चार शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांत ४,८०० वॉट-तास वीज मावते. अशी बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केली कीं तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, म्हणून वापरण्याजोगी वीज २,४०० वॉट-तास. तीन हजार वॉटांचा एक इन्व्हर्टर पुऱ्या भारानें चालविला तर ती ४८ मिनिटांत संपते. तसेच दोन चालविले तर २४ मिनिटांत. प्रत्यक्षांत त्याहूनहि लवकर, कारण रूपांतरांत कांहीं वीज वायां जाते. शिवाय प्रवाह जितका जोराचा, तितकी शिशाची बॅटरी आपला सांठा कमी देते, हें पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालींच दाखविलें होतें. एका इन्व्हर्टरास पुऱ्या भारांत पावणेतीनशे अँपिअरांच्या आसपास प्रवाह लागतो. दोहोंस त्याच्या दुप्पट. त्यासाठीं तारा मनगटासारख्या जाड हव्या, फ्यूज तशाच ताकदीचे हवे. नाहीं तर वीज जाते आणि आग येते. दोन इन्व्हर्टर नुसते एकत्र जोडूनहि भागत नाहीं. त्यांचे प्रवाह एका तालांत चालतील अशी योजना त्यांत मुळांतच असावी लागते. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, हें यंत्र कांहीं न करतांहि खातें. मोठा इन्व्हर्टर रिकामा चालूं ठेवला तर त्यास २५ वॉट सहज लागतात. दोन इन्व्हर्टर अहोरात्र चालूं ठेवले, तर १,२०० वॉट-तास, म्हणजे वापरण्याजोग्या सांठ्याचा निम्मा भाग, एकहि दिवा न लावतां नाहींसा होतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली म्हण सर्वांस ठाऊक आहे. तिचा अर्थ अंथरूण कधीं वाढवूंच नये असा खास नव्हे. कोष्ट्यास कोणी बंदी केलेली नाहीं. परंतु इन्व्हर्टर वाढविल्यानें अंथरूण वाढत नाहीं, पाय लांब होतात. अंथरूण वाढविणें म्हणजे छपरावर अधिक सूर्यपट्ट्या घालणें, चांगल्या बॅटऱ्या घेणें. तें काम कष्टाचें, आणि त्यास छपराच्या लांबीरुंदीची मर्यादा आहे. पाय लांब करणें त्या मानानें सोपें. म्हणूनच मनुष्य तें प्रथम करतो. हा नियम होडीपुरता नाहीं. मिळकत न वाढवितां उधारीची सोय वाढविणारा गृहस्थ आणि जलाशय न वाढवितां नळ रुंद करणारें शहर याच जातीचें आहे.

मग हा दुसरा इन्व्हर्टर घेणाऱ्यास नेमकें काय मिळतें? किटलींत चहाचें पाणी एका इन्व्हर्टरावरहि तापत होतें, कपडे धुण्याचें यंत्रहि चालत होतें. आतां दोन्ही एकाच वेळीं चालतात. म्हणजे नवें सुख असें थोडेंच. विकत घेतलेली खरी वस्तु एककालिकता, अर्थात् थांबण्यापासून सुटका. ही वस्तु क्षुल्लक नाहीं. सात फूट रुंदीच्या घरांत दोन माणसें राहतात तेव्हां एकाच्या किटलीसाठीं दुसऱ्याचें यंत्र थांबवावें लागतें, आणि त्यासाठीं विचारावें लागतें: 'अहो, आतां लावूं का?' या विचारण्यांत संसाराचा मोठा भाग असतो. मर्यादित सांठा मनुष्यास दुसऱ्याच्या गरजेची जाणीव ठेवावयास लावतो, आणि पुष्कळ सोय झाली कीं विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, हें सारें काव्य झालें; थांबण्याची पाळी नेहमीं कोणावर येते तें पाहा. हा आक्षेप आम्हांस पुष्कळ अंशीं मान्य आहे. जेथें साधन तोकडें, तेथें दुबळ्यालाच थांबावें लागतें, आणि घरांत तें दुबळें माणूस कोण हें सांगावयास नको. दहा फुटांच्या खोलींत कुटुंबाचे कपडे हातांनीं धुणाऱ्या नावाड्याच्या बायकोस काटकसरीचें तत्त्वज्ञान शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ज्या आजाऱ्यास रात्रभर श्वासाचें यंत्र लागतें, त्याची गरज एपिक्यूरसच्या पहिल्याच वर्गांत बसते. स्वतः पत्करलेला संयम हा गुण; दुसऱ्यावर लादलेली टंचाई हा अन्याय. म्हणून शक्ति वाढविणें हेंच पाप, असा निर्णय आम्ही देऊं शकत नाहीं.

परंतु आक्षेपकानें आणखी एक पाऊल पुढें यावें. इंग्लंडांत डिसेंबरांत दिवस आठ तासांहूनहि लहान, सूर्य क्षितिजाला लागलेला. अशा वेळीं छपरावरील पट्ट्या नांवापुरत्या उरतात आणि सारा भार इंजिनावर पडतो. दुप्पट खर्चाची संवय लागलेली होडी मग तासन् तास इंजिन चालविते. तिचा धूर आणि घरघर शेजारच्या होडींत जातात. म्हणूनच रात्रीं आठ ते सकाळीं आठ या वेळांत इतरांजवळ नांगरलेल्या होडीनें इंजिन चालवूं नये, असा दंडक त्या कालव्यांवर आहे. गरज माझी, सोय माझी, आणि किंमतीचा एक हप्ता शेजाऱ्याचा, अशी वांटणी झाली कीं प्रश्न सोयीचा राहत नाहीं, न्यायाचा होतो.

आमच्या मतें निर्णय येथें सांपडतो. किती वापरलें यावर नीति ठरत नाहीं. वापरणारास त्याची किंमत दिसते कीं नाहीं आणि ती तो स्वतः भरतो कीं नाहीं, यावर ठरते. होडीवाल्याचा मोठेपणा त्याच्या गरिबींत नाहीं. त्याच्या बॅटरीवरील कांटा त्यास रोज सांगतो कीं, ही किटली इतक्या उन्हाची झाली. ज्यानें आधीं अंथरूण वाढविलें, इंजिनाचे तास वाढणार नाहींत हें पाहिलें, घरांत कोणाची पाळी चुकत होती हें ओळखलें, त्यानें दुसरा इन्व्हर्टर खुशाल बसवावा. ज्यास तो केवळ कांट्याकडे पाहावें लागूं नये म्हणून हवा आहे, त्यानें तो घेऊं नये.

आपण कांठावरचे लोक या निकषास कसे उतरतों, हें ज्यानें त्यानें पाहावें. आपल्या भिंतींतील बटणामागें चंद्रपूरचा कोळसा आहे, कोयनेच्या जलाशयाखालीं गेलेलीं गांवें आहेत. परंतु बटण दाबतांना त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. महिन्याच्या बिलांत रुपये असतात, गांवांचीं नांवें नसतात. होडींत राहणारा मनुष्य आपल्याहून अधिक सज्जन असेल असें नाहीं. त्याचा सांठा लहान आहे आणि त्याच्या डोळ्यांपुढें आहे, इतकाच फरक. आपला सांठाहि लहानच आहे. तो डोळ्यांपुढें नाहीं, म्हणून तो अमर्याद आहे असें समजण्याची मुभा मात्र आपणांस कोणी दिलेली नाहीं.