त्याला सांगून ठेवलंय

नवी मुंबईतल्या आईबापांना मुलांबद्दल कशाची भीती वाटते विचारलं, तर यादी जवळजवळ ठरलेली असते. पामबीच रस्त्यावरच्या सुसाट गाड्या, शाळेची बस, सोसायटीचा तरणतलाव, मोबाइल, अनोळखी माणूस. बंदूक त्या यादीत नसते आणि ती नसणं स्वाभाविकही आहे. आपल्याकडे बंदूक दुकानात जाऊन सहज विकत घेता येत नाही. परवाना का हवा ते पोलिसांना पटवून द्यावं लागतं. 1959 चा शस्त्र कायदा, नेमबाजीच्या प्रशिक्षणासारखे अपवाद सोडले, तर 21 वर्षांखालच्या कुणाला शस्त्र बाळगू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुकाही ठेवता येत नाहीत. अमेरिकेतल्या बातम्या वाचताना आपल्याला हायसं वाटतं ते यामुळेच.

पण हे शहर जमिनीच्या व्यवहारावर उभं राहिलेलं आहे, आणि जमिनीचा पैसा आला की स्वसंरक्षणाची भाषाही येते. 2013 मध्ये वाशीत आणि 2023 मध्ये नेरुळमध्ये बांधकाम व्यावसायिकांना रस्त्यावर गोळ्या घालून मारलं गेलं. अशा घटनांनंतर कुणी परवान्याचा अर्ज केला, तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. त्यात पोलिसांची घरं, निवृत्त फौजी, बँकांचे आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांचे बंदूकधारी रक्षक मिळवा. थोडक्यात, बंदुका आहेत. त्या कुठल्यातरी कपाटात आहेत, आणि त्या कपाटाच्या घरात मुलंही आहेत.

घरातली बंदूक घरातल्यांवरच चालते याचे दाखले मराठी वाचकाला शोधावे लागणार नाहीत. एप्रिल 2006 मध्ये वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या पिस्तुलातून. 2021 मध्ये ऐरोलीत एका निवृत्त पोलिस अधिकाऱ्याने परवान्याच्याच शस्त्रातून आपल्या मुलांवर गोळ्या झाडल्या. एक मुलगा गेला. मुलं वयाने मोठी होती, म्हणून ही बातमी गुन्हेगारीच्या पानावर राहिली. आणि 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा याने प्रवासाला निघण्यापूर्वी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवायला घेतलं, ते हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात घुसली. त्यावर विनोद भरपूर झाले. मला मात्र त्यात एवढंच दिसलं की भरलेलं शस्त्र कपाटापाशी हाताळताना एक जाणता, परवानाधारक माणूससुद्धा सुरक्षित नव्हता. मग त्या कपाटाशी सात वर्षांचा मुलगा खुर्ची ओढून उभा राहिला असता तर?

यावर प्रत्येक घरात एकच उत्तर तयार असतं: ‘त्याला सांगून ठेवलंय, हात नाही लावत तो.’ हे वाक्य प्रामाणिक असतं. अडचण अशी की ते खरं आहे का, हे तपासून पाहिलं गेलेलं आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटलांटातल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत सोडलं. खणात पाण्याच्या पिचकारीच्या बंदुका होत्या आणि एक खरं, रिकामं पिस्तूल. एकतर्फी काचेआडून डॉक्टर पाहत होते. 48 मुलांना पिस्तूल सापडलं. 30 जणांनी ते हाताळलं. 16 जणांनी घोडा ओढला. पिस्तूल सापडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की सांगता येईना. ज्यांनी ते हाताळलं किंवा घोडा ओढला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून दूर राहण्याचे धडे आधीच मिळालेले होते. म्हणजे सांगून ठेवलेलं होतं.

2006 मधला दुसरा अभ्यास आईबापांबद्दल आहे, आणि मला तो जास्त बोचतो. ज्यांच्या घरी बंदूक आहे अशा पालकांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं विचारलं. ‘बंदूक कुठे असते ते आमच्या मुलाला माहीत नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचं सांगितलं. ‘मुलाने कधीच हातात घेतलेली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांची मुलं म्हणाली, घेतली आहे. आपल्या घरातही मुलांना सगळ्या लपवण्याच्या जागा ठाऊक असतात: लाडवांचा डबा, वाढदिवसाची भेट, आजीची पैशांची पुरचुंडी. मग बंदूकच तेवढी सापडणार नाही, असं धरून चालायचं कशाच्या आधारावर?

म्हणून या विषयातलं शिक्षण मुलांना नव्हे, मोठ्यांना द्यायला हवं. सिडकोच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात खिडकीला ग्रिल लावणारी माणसं आपण. चौथ्या मजल्यावरच्या रांगत्या बाळाला ‘वाकू नकोस हं’ सांगून खिडकी उघडी टाकत नाही. बंदुकीबाबत करायचं तेही एवढंच साधं आहे: शस्त्र रिकामं, पोलादी तिजोरीत कुलूपबंद, काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात, आणि किल्ली साड्यांच्या घडीखाली नाही. घरात निराश किंवा चिडलेला किशोरवयीन मुलगा असेल, तर काही काळ शस्त्र घरात नसलेलंच बरं.

अमेरिकेत असलेल्या मराठी घरांना हा विषय अधिक जवळून भिडतो. सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्समध्ये किंवा खारघरच्या कुठल्याही इमारतीत विचारा; मुलगा टेक्ससमध्ये, मुलगी न्यू जर्सीत, आणि आईवडील सहा महिने नातवंडं सांभाळायला तिकडे. ज्या देशात ही नातवंडं वाढताहेत, तिथे 2020 मध्ये 1 ते 19 वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं. रस्त्यावरचे अपघातही मागे पडले. आपल्या लेकाच्या घरी बंदूक नाही, हे खरंच. पण नातू शनिवारी खेळायला जातो ते घर कुणाचं आहे?

तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या साथीने 2000 पासून एक मोहीम चालते. तिचं म्हणणं एकाच प्रश्नात मावतं: मूल ज्या घरी खेळायला जाणार, तिथे कुलूपबंद नसलेली बंदूक आहे का, हे आधी विचारा. दरवर्षी 21 जूनला, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, या प्रश्नाची आठवण करून दिली जाते. आता हा प्रश्न मराठी माणसाने विचारायचा! जेवायला थांबा म्हटलं तरी तीनदा नको म्हणणारी आपली जात. शेजाऱ्याला ‘तुमच्याकडे पिस्तूल आहे का’ विचारणं म्हणजे त्याच्या चारित्र्यावर शंका घेतल्यासारखं आपल्याला वाटतं. पण तिथे पालक खाण्याच्या ॲलर्जीबद्दल, कुत्र्याबद्दल, तरणतलावाबद्दल विचारतातच. ‘आमच्या आर्यनला शेंगदाणे चालत नाहीत, आणि हो, घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना?’ एवढ्या सहजपणे तो प्रश्न येऊ शकतो. तो पहिल्यांदा अवघड जातो म्हणून आजीने विचारावा, असं माझं मत आहे. आजीच्या भोचकपणाला जगभर सवलत असते.

तिथला कायदाही आता कपाटापर्यंत पोहोचला आहे. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत नोव्हेंबर 2021 मध्ये एका 15 वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. 2024 मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी किमान दहा वर्षांचा तुरुंगवास झाला. त्यांनी मुलासाठी पिस्तूल घेतलं होतं आणि ते त्याच्या हाती पडू नये याची काळजी घेतली नव्हती.

हे सगळं परदेशी, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. 31 जुलै 2024 रोजी बिहारमधल्या सुपौलमध्ये नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल नेलं आणि तिसरीतल्या मुलावर झाडलं. नोव्हेंबर 2025 मध्ये गुरुग्राममध्ये अकरावीच्या मुलाने वर्गमित्रावर गोळी झाडली, वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलातून. गुरुग्राम म्हणजे सेक्टरांची, टॉवरची, उंच फाटकांची वस्ती, आपल्यासारखीच.

आणि दिवाळीच्या अंकात लिहितो आहे म्हणून 2025 ची दिवाळी सांगायलाच हवी. मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ नावाचं एक प्रकरण दीडदोनशे रुपयांना विकलं गेलं: प्लास्टिकचा पाइप, कॅल्शियम कार्बाइडचे खडे, पाणी, गॅसचा लायटर. पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही की मूल काय करतं? पाइपात डोकावतं. भोपाळ, विदिशा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या रुग्णालयांत शंभराहून अधिक जण, बहुतेक मुलं, डोळे भाजून आले. काहींची दृष्टी गेली. ती नळी कुणीतरी मोठ्या माणसाने पैसे देऊन आणली होती, किंवा मोबाइलवर पाहून मुलाने बनवली तेव्हा कौतुकाने पाहिली होती. टिकल्यांच्या पिस्तुलावर माझा राग नाही. ते आम्हीही उडवलं. पण नळीतून स्फोट बाहेर पडतो अशी कुठलीही वस्तू ‘खेळणं’ म्हणून घरात येते, तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे कुणी?

आपल्या व्यवस्थेला शस्त्र घराबाहेर काढता येत नाही असं नाही. निवडणूक जाहीर झाली की पोलिस अनेक परवानाधारकांना बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि ती निमूटपणे जमा होते. मतदाराच्या सुरक्षेसाठी जे होतं ते घरातल्या बाळासाठी होत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराकडून प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी मागितली, पण मुलाच्या हाती शस्त्र पडू देणं हा वेगळा गुन्हा कायद्यात नाही. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम 30 खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तिजोरी त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच केली. अर्जाच्या वेळी पाळण्यात असलेलं मूल नूतनीकरणाच्या वेळी शाळेत जायला लागलेलं असतं, स्टुलावर चढत असतं, कुलपांच्या किल्ल्या ओळखत असतं. चौकशीचा कागद घेऊन पोलिस शिपाई दारात येतोच. त्याच्या कागदावर दोन रकाने वाढवायला कायदा बदलावा लागणार नाही: घरात अठरा वर्षांखालची मुलं किती, आणि तिजोरी प्रत्यक्ष उघडून पाहिली का.