मोजलेली अक्षरे

छंदःशास्त्राचे नाव काढले की कविमंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, गण मोजून का कुठे काव्य होते? दुसरा म्हणतो, भुजंगप्रयातातले चार यगण ज्याला ओळखता येत नाहीत त्याने लेखणी खाली ठेवावी. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे दोन्ही पंक्तींत उपराच. पण फळ्यावर लघुगुरूच्या खुणा काढायच्या त्या मलाच, तेव्हा हा तंटा माझ्या दाराशी येतोच.

माधव जूलियन यांचेच पाहा. फारसीच्या नादाने मराठीत गज्जल आणि रुबाई रुजवणारा हा मनस्वी कवी अक्षरे आणि मात्रा मोजीत बसला. १९२७ साली ‘छंदोरचना’ निघाली, १९३७ साली ती वाढवून पुन्हा निघाली, आणि १९३८ साली तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. तेवढ्या वेळात किती कविता झाल्या असत्या, असे हळहळणारे भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. संस्कृतातून आलेल्या वृत्तांच्या मांडीला मांडी लावून त्यांनी ओवी-अभंगांनाही शास्त्रात बसवले, हे काय थोडे झाले?

‘अनिल’ यांची वाट उलटी दिसते. ‘फुलवाती’तला हा कवी पुढे मुक्तछंदाकडे वळला. पण गंमत अशी, की उतारवयात त्यांनीच दहा ओळींची ‘दशपदी’ घडवली आणि आपणहून त्या कुंपणात शिरले!

आणि बहिणाबाई? तिला अक्षरओळख नव्हती. तरी संसारावरच्या तिच्या त्या सर्वतोमुखी गाण्यात पहिल्याच दोन चरणांत आठ-आठ अक्षरे चोख पडतात. “बघा, शास्त्रावाचून अडले का?” म्हणून पहिला पक्ष टाळ्या पिटतो. अहो, अडले नाही ते शास्त्र तिच्यापाशी होते म्हणून! जात्याशी बसणाऱ्या बायकांच्या पिढ्यांनी ते तिच्या कानांत ओतले होते. तिने बोटे मोडली नाहीत, मोजदाद खुंट्याच्या फेऱ्यावर झाली, इतकेच. ‘छंद काय, आपोआप येतो’ असे जो सहज म्हणतो, तो त्या बायकांची मेहनत फुकटात काढतो.

आता घरोघरचे जाते गेले. मुलांच्या कानांत ठेका घालायचा कोणी? मी आधी आठवडाभर मनाचे श्लोक मोठ्याने म्हणवून घेतो. गणांचे नावही काढत नाही. मग एक दिवस मुद्दाम एक अक्षर गाळून म्हणतो. मागच्या बाकावरचे, व्याकरणात हमखास नापास होणारे पोर ओरडते, “गुरुजी, काहीतरी राहिले!”

तेव्हा मी खडू उचलतो.