पंचनाम्यातलं अक्षर

पहाटे पाचच्या सुमाराला मी फिरायला बाहेर पडतो, तेव्हा गावाबाहेरच्या माळावर भरतीची पोरं आलेली असतात. आमच्या सातारा जिल्ह्यात त्यांना हेच नाव आहे, ‘भरतीची पोरं’. कुणाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, कुणाच्या पिशवीत लोखंडी गोळा. फक्कीने मारलेली रेघ दवाने पुसट झालेली असते, ती एकजण पुन्हा ओढतो. मग अंधारात नुसता पावलांचा आणि श्वासांचा आवाज.

दोन वर्षं या पोरांत आमच्या शेजारचा मुलगा होता. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेला. पोलीस शिपाई व्हायला बारावी उत्तीर्ण पुरे. मग १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं, सव्वासात किलोचा गोळा फेकायचा आणि १०० गुणांचा लेखी पेपर द्यायचा. प्रयोगशाळेत दिवस काढलेला हा मुलगा रात्री काळ-काम-वेगाची गणितं आणि समासाचे प्रकार घोकत बसे. त्याला त्याचा कमीपणा वाटलेला मी कधी पाहिला नाही. वाटायचा तो आम्हाला.

“शेवटी हवालदारच व्हायचं होतं, तर बारावीलाच का नाही थांबला?” हे मी न्हाव्याच्या दुकानात ऐकलं, एका बारशाला ऐकलं, आणि एक दिवस माझ्याच तोंडून त्याच्यासमोर निघून गेलं. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “काका, शिकलोय ते काढून ठेवायला लागतंय का तिथं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी पंचवीस वर्षं पदवीच्या वर्गांना मराठी शिकवलं आहे. पदवीचा उपयोग काय, हा प्रश्न मला कुणी विचारावा आणि मी गप्प राहावं, याची टोचणी अजून आहे.

राज्यात २०२४ साली पोलीस भरती झाली तेव्हा १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे शंभरएक जण. त्यांत इंजिनिअर होते, एम.बी.ए. होते, वकील होते. त्या बातम्या वाचून आपण हळहळलो की पदवीला किंमत राहिली नाही. हळहळ खरी आहे. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. या मुलाला एम.एस्सी.नंतर एका कारखान्यात कंत्राटावर मिळत होते बारा हजार, तेही कंत्राटदाराच्या मर्जीवर. त्याने केलेला हिशेब कुणीही केला असता. पण आपल्या हळहळीत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते आणि ती आपण बोलत नाही. पोलीस शिपायाचं काम हे शिकलेल्या माणसाचं काम नव्हे, असं आपण धरूनच चाललेलो असतो.

त्याच्या आईला मात्र असं धरून चालणाऱ्यांत मी घालणार नाही. भरतीत त्याची निवड झाल्याचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे वाटता वाटता रडली. तिच्या सासऱ्यांनी दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून आयुष्य काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तिच्या शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या, त्यातल्याच एका शाळेत तिचा नवरा दहावीपर्यंत गेला आणि मुलगा त्या घरातला पहिला पदवीधर झाला. तीन पिढ्यांनी ओढत आणलेला तो कागद आहे. तो वाया गेला असं तिला वाटलं, यात मला अहंकार दिसत नाही. अहंकार आमचा होता, ज्यांच्या घरात पदव्या आधीपासूनच होत्या.

आपण पोलिसाशी बोलतो कसे, ते आठवून पाहावं. खांद्यावर तारे दिसले की ‘साहेब’. नुसत्या फिती दिसल्या की ‘ए हवालदार’, ‘मामा’, आणि पाठ वळली की ‘पांडू’. दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट १९७५ साली आला. त्यातला हवालदार लोकांनी प्रेमाने डोक्यावर घेतला होता. ते प्रेम विरून गेलं आणि नाव तेवढं शिवीसारखं उरलं. सिग्नलला अडवल्यावर गाडीची काच खाली करून “तुझं शिक्षण किती?” असं विचारणारे सुशिक्षित मी पाहिले आहेत. पावती फाडणाऱ्याचं शिक्षण विचारायचं कारण काय? सिग्नल तर लालच होता.

मीही असाच वागलो आहे. अकरा वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसल्या बसल्या गेले. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्याला एक हवालदार आले, पन्नाशीचे, पोट थोडं सुटलेलं, खिशाला दोन पेनं. मी दुःखात होतो, पण मला घाईही होती आणि घाईला मी दुःखाचं नाव दिलं होतं. “अहो, मी प्राध्यापक आहे, हे माझे सख्खे भाऊ आहेत, मी सांगतोय ना, लवकर उरका,” असं मी त्यांना चारचौघांत बोललो. ते “हो सर” म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग गुडघ्यावर पॅड घेऊन लिहायला लागले.

ती प्रत पुढे विम्याच्या कामासाठी मिळाली, तेव्हा मी ती वाचली. अक्षर गोल, एकसारखं, खाडाखोड नाही. ‘सदर इसम’ वगैरे ठरलेली पोलिसी भाषा होतीच. पण तिच्या आत असं लिहिलं होतं: अंगात फिकट निळ्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, वरून दुसरं बटण नाही, त्या जागी सेफ्टी पिन. डाव्या हाताच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट वण, घड्याळ नाही. चष्मा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. खिशात रोख १४३ रुपये, एसटीचं तिकीट, आणि कागदाच्या पुडीत शेंगदाण्याचे दोन लाडू.

घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते वहिनींनाच माहीत होतं. सेफ्टी पिन त्यांनीच सकाळी गडबडीत लावून दिली होती, बटण संध्याकाळी लावते म्हणून. तोवर त्या रडल्या नव्हत्या. पिनेचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा रडल्या. मी त्याच देहाजवळ तीन तास उभा होतो. मला पिन दिसली नव्हती.

पंचनाम्याच्या वेळी पैसे हवालदारांनी पंचांसमोर दोनदा मोजले होते. लाडवांपाशी आल्यावर थोडं थांबले आणि वहिनींना म्हणाले, “ताई, लाडू नुसतं लिहितो. पुडी तुमच्यापाशी राहू द्या.” निघताना, का कोण जाणे, मी त्यांचं शिक्षण विचारलं. “बारावी, सर. तीपण दुसऱ्या खेपेला.”

पंचवीस वर्षांत मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. दिसलं तेवढंच लिही, न दिसलेलं लिहू नको, आपलं मत मध्ये घालू नको, हे मी प्रत्येक वर्गाला शिकवत आलो. ते जमलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. तो माणूस ते कुठे शिकला असेल? ठाण्यात एखाद्या जुन्या रायटरच्या हाताखाली, बहुधा. त्याचं प्रमाणपत्र कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही.

पण मी इथेच थांबलो, तर खोटं बोलल्यासारखं होईल. सगळ्यांच्या वाट्याला असे हवालदार येत नाहीत. मी प्राध्यापक होतो, माझं ओरडणं त्यांनी ऐकून घेतलं. पारधी वस्तीवरची बाई तशी ओरडली असती, तर काय झालं असतं? १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा गेला. गावात चोरी झाली की आधी त्या वस्तीवर जाण्याची सवय गेली नाही. गरिबाला पोलिसाची वाटणारी भीती ही अडाणीपणाची भीती नव्हे. ती भीती त्याच्या अनुभवातून आली आहे.

आणि १९७२ सालचं देसाईगंज मी विसरू शकत नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक तिथल्या न्यायमूर्तींनी ओळखला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांची सुटका केली. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यावर मोठा भर दिला गेला.

ते दोघे पोलीस किती शिकले होते, मला ठाऊक नाही. पण रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एकटी सापडलेली गरीब मुलगी का ओरडत नाही, हे ज्यांना उमगलं नाही ते देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी होते. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराचा स्वतंत्र गुन्हा झाला. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं, असं ठरलं. निकाल देणारे कायदा शिकलेले होते, तसेच पत्र लिहिणारेही. पुस्तकं बहुतेक तीच असतील. पत्र लिहिणाऱ्यांनी त्या मुलीच्या जागी उभं राहून ती पुन्हा वाचली.

पोलिसाचा मान आणि पोलिसाची भीती, दोन्ही आपण वर्दीकडे पाहून ठरवतो आणि पदवीकडे पाहून त्यात कमीजास्त करतो, हे मला त्यामुळे खटकतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे गेले, ते नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले होते. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे गेले, ते आमच्या जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात नोकरी करून पोलिसात आलेले. हातात लाठी होती आणि समोर एके-४७. बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली, म्हणून दहशतवादी कसाब जिवंत सापडला. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आमच्याकडे ओंबळ्यांचं नाव निघालं की माणसं उभी राहतात. तीच माणसं संध्याकाळी नाक्यावरच्या शिपायाला ‘पांडू’ म्हणतात, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. तो शिपाई सकाळी सातपासून बंदोबस्ताला उभा आहे, त्याला लघवीला जायला जागा नाही, हे त्यांना माहीत नसतं असं नाही.

ड्युटीच्या तासांवरून आठवलं. मुंबईत पोलिसांनी बारा-बारा तास आणि वेळ पडली तर त्याहून जास्त राबायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. मनुष्यबळ अपुरं आहे, आठ तासांची पाळी शक्यच नाही, असं सगळे शहाणे सांगत. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने आहे त्या माणसांतच आठ तासांची पाळी कशी बसवता येईल, याचा आराखडा मांडला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो समजून घेतला आणि मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. मग तो शहरभर गेला. खालचा माणूस विचार करू शकतो यावर वरच्या माणसाने विश्वास ठेवला, हे मला त्या प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं.

‘शिकलोय ते काढून ठेवायला लागतंय का तिथं?’ याचं उत्तर मला आता थोडं देता येईल. नाही रे बाबा, काढून ठेवू नको. तुझी एम.एस्सी. तुला नाक्यावर उपयोगी पडणार नाही, पण प्रयोगवहीत जसं दिसलं तसं लिहायची जी सवय तुला लागली ती पडेल. ती तुझ्या आधी बारावीवर आलेल्या कुणाकडे तुझ्याहून चांगली असेल, तर त्याच्या हाताखाली बस. आणि ठाण्यात रात्री कुणी गप्प उभं असेल, तर ते गप्प का आहे, एवढं विचार.

हे मी त्याला बोललो नाही. तो प्रशिक्षणाला गेला. दिवाळीला चार दिवस सुट्टीवर आला होता, केस बारीक, उन्हाने रापलेला. मी फराळाला गेलो तेव्हा तो बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसला होता. पंचनाम्याचा सराव सांगितलाय म्हणाला, म्हणून घराचाच करतोय. आई कौतुकाने आणि जरा संशयाने बघत होती. “वाच की मोठ्यानं,” ती म्हणाली.

तो वाचू लागला. खोली पूर्वाभिमुख, लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट. दरवाजा लाकडी, एक पाखा, आतून कडी. दक्षिणेच्या भिंतीला लागून लोखंडी कॉट, त्यावर निळी चादर. पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, लाकडी चौकटीत एक पदवी प्रमाणपत्र. काचेला डाव्या कोपऱ्यात तडा. चौकटीला ताजा हार.

“हार लिहायचा असतो होय?” आईने विचारलं.

“दिसला ना,” तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीवर गेला.