सहकुटुंब

बदलीचा हुकूम एकाच्या नावाने निघतो, पण घर हलते ते सर्वांचे. हुकुमात हुद्दा असतो, वेतनश्रेणी असते, रुजू होण्याची तारीख असते. ज्याच्या सहकार्यावाचून तो हुकूम सुखाने अंमलात येणे कठीण, त्या दुसऱ्या माणसाचा त्यात उल्लेख नसतो. सरकारने नेमले आहे एकालाच, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हे रास्तच म्हटले पाहिजे. तथापि भत्त्याचे नियम उघडले की हे दुसरे माणूस तेथे भेटते. कुटुंबाचे भाडे आणि घरसामानाचे वजन, या दोहोंची तरतूद तेथे शेजारीशेजारी केलेली असते. जुन्या मराठीत तर 'कुटुंब' या शब्दाचा एक रूढ अर्थच 'पत्नी' असा होता, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'सहकुटुंब' हा शब्द आपण अजून छापतो. कोणी पुढे जायचे आणि कोणी 'सह' जायचे, हे तो शब्दच परस्पर ठरवून टाकतो.

या 'सह'चा थोडा विचार येथे करावा, असे आम्हांला वाटते. दुसऱ्याच्या कामासाठी परक्या गावी जाऊन राहणे, याचे नैतिक स्वरूप काय? ते कर्तव्य आहे, दान आहे, की निव्वळ प्रघात? आणि त्यातून कोणाचे कोणावर काही ऋण उत्पन्न होते किंवा कसे?

हा प्रश्न झाशीत बसून विचारण्यास कारण आहे. १७४२ साली नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून येथे आले. तेव्हापासून मराठी माणूस या गावी येत आला आहे तो बहुधा नेमणुकीच्या निमित्ताने. पुढे नेवाळकरांचा अंमल आला आणि गेला. मग रेल्वे आली. इंडियन मिडलंड रेल्वेचा कारभार १९०० साली जी. आय. पी. रेल्वेने हाती घेतला. १९५१ मध्ये जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली. आणि २००३ साली उत्तर मध्य रेल्वे स्थापन होऊन झाशी विभाग तिकडे जाईपर्यंत या विभागाचे मुख्यालय मुंबईस होते. परळ-भुसावळकडची किती घरे त्या काळात येथे आली आणि परतली, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. आजही रेल्वे, छावणी, बँका, भेलचा कारखाना आणि २०१४ साली स्थापन झालेले केंद्रीय कृषी विद्यापीठ यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येतात, तीन-चार वर्षे राहतात आणि पुढच्या गावाला निघतात. ज्या वाचकांसाठी आम्ही लिहीत आहोत, त्यांतील बहुतेकांच्या घरात हा प्रश्न राहावयास आहे. तो मोठ्याने उच्चारला जात नाही, इतकेच.

नव्या गावी उतरलेल्या दोन माणसांची स्थिती पाहावी. जो रुजू होतो त्याला पहिल्याच दिवशी खुर्ची मिळते. त्याची ओळख त्याच्या आधीच येऊन पोहोचलेली असते. अमुक पदावरचा माणूस म्हणून त्याला नमस्कार घडतात, आणि परकेपणाची धार कचेरीच्या दारातच बोथट होते. सोबत आलेल्या माणसाला प्रत्येक गावी आरंभ शून्यापासून करावा लागतो. सिव्हिल लाइन्समध्ये घर मिळते की सिपरी बाजारात, मुलांना कोणत्या शाळेत प्रवेश मिळतो, मे महिन्याच्या उन्हाळ्यात पाणी किती वाजता येते, कामाला येणाऱ्या बाईंच्या बुंदेली बोलण्याचा नेमका अर्थ काय, येथपासून त्याची तयारी असते. हे कष्ट दिसतात तरी. न दिसणारी गोष्ट निराळीच आहे. पुण्यात किंवा नागपुरात शाळेत शिकविणारी बाई येथे आली, की महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचे तिचे प्रमाणपत्र उत्तर प्रदेशच्या शासकीय शाळेत उपयोगी पडत नाही. तिला पुन्हा परीक्षेला बसावे लागते. परिचारिकेला आपली नोंदणी या राज्याच्या परिषदेकडे नव्याने करून घ्यावी लागते. ते सारे होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते, आणि मग पुढच्या बदलीची चाहूल लागते. अशा तीन बदल्या झाल्या की माणसाच्या कर्तृत्वाचा उमेदीचा काळ संपलेला असतो. आणि संपवला कोणी, याचे उत्तर कोणाकडेच नसते. त्यात कोणी दुष्टपणा केलेला नसतो, म्हणूनच ते दुःख सांगावयासही अवघड जाते.

या स्थितीला दुसरीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाची खरी ओळख पुष्कळदा सोबत आलेल्यालाच होते. तीन वर्षांत अधिकाऱ्याला आपले खाते कळते; सदर बाजारातल्या भाजीवाल्याचा मुलगा कितवीत आहे, शेजारच्या घरी लग्नात गाऱ्या कशा गातात, कोणत्या डॉक्टरांनी रात्री दार उघडले, हे दुसऱ्याला ठाऊक असते. जाताना एक माणूस चार्ज देतो. याद्या होतात, सह्या होतात. दुसऱ्याने जे जोडले त्याची यादी नसते आणि ते कोणाच्या स्वाधीनही करता येत नाही. ते येथेच टाकून जावे लागते. तेव्हा सोबत जाणारे आयुष्य रिकामे असते, हे म्हणणे खरे नाही. ते भरलेले असते. पण त्याची मोजदाद करणारे माप आपल्या व्यवहारात नाही.

हा प्रश्न केवळ सरकारी नोकरीचाही नाही. अलीकडे मराठी घरांतील तरुण व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठी परदेशी जातात. कोणी अमेरिकेत, तर कोणी फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९५७ साली सुरू झालेल्या इन्सिआडसारख्या विद्यालयात. अशा ठिकाणी जोडीदारांची मंडळे असतात, सहली निघतात, भाषेचे वर्ग भरतात. स्वागतात काही उणे नसते. परंतु अमेरिकेत विद्यार्थ्याबरोबर एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करण्यास मनाई आहे. आणि ब्रिटनने तर जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार बरोबर आणण्याचीच बंदी केली आहे. एक देश म्हणतो, या, पण काही करू नका. दुसरा म्हणतो, येऊच नका. आपली शिक्षिका सिपरी बाजारातल्या घरात ज्या विवंचनेत असते, तीच विवंचना तिच्या धाकट्या बहिणीला अटलांटिकपलीकडच्या वसतिगृहात भेटते. तेथे थंडी अधिक, इतकाच काय तो फरक.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, असे मानण्याची वहिवाट आहे. पत्नी ही सहधर्मचारिणी. पतीच्या मागे जाणे हा तिचा धर्म. आणि दाखला सीतेचा. पण हा दाखला नीट पाहिला तर तो निराळेच काही सांगतो. वनवासाची आज्ञा रामाला होती, सीतेला नव्हती. तिने मागे राहावे असेच रामाचे म्हणणे होते आणि त्याने ते परोपरीने सांगितले. सीता गेली ती स्वतः वाद घालून, रामाचे म्हणणे खोडून. त्याच घरातून लक्ष्मण निघाला आणि ऊर्मिला मागे राहिली. तिला कोणी अधर्मी म्हटले नाही. म्हणजे ज्या उदाहरणाच्या आधारे सोबत जाणे हे गृहीत धरले जाते, त्या उदाहरणात ते मुळीच गृहीत नाही. सीतेच्या जाण्याला जो गौरव प्राप्त झाला तो ती न जाऊ शकली असती म्हणून. जे टाळताच येत नव्हते, त्याचे पुण्य कसले?

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. सोबत ही देण्याची वस्तू आहे, आणि देणे तेव्हाच घडते जेव्हा न देण्याची मोकळीक असते. जे विचारल्यावाचून घेतले जाते ते दान होत नाही, मग देणाऱ्याचा चेहरा कितीही हसरा असो.

कायद्याला हे उमगायला काळ लागला. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना पतीच्या घरी नांदावयास जाण्याचा किंवा सहा महिने कारावास भोगण्याचा हुकूम केला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीने मिटले. त्या विलायतेत वैद्यक शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. म्हणजे परमुलखात नेमणुकीवर राहिलेल्या मराठी माणसांच्या आपल्या मालिकेत त्याही आहेतच. त्यानंतर नव्वदाहून अधिक वर्षांनी, १९७८ साली, दिल्ली उच्च न्यायालयापुढे स्वराज गर्ग यांचा खटला आला. पत्नी पंजाबातील सुनाम येथे मुख्याध्यापिका, पती दिल्लीत नोकरीस. संसाराचे ठिकाण ठरविण्याचा अधिकार केवळ पती म्हणून पतीला पोहोचत नाही, ते उभयतांनी विचाराने ठरवावे, असा निर्णय न्यायालयाने दिला. केंद्र सरकारनेही १९८६ साली, आणि पुन्हा २००९ साली अधिक आग्रहाने, नोकरीत असलेल्या पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे आदेश काढले. हे सारे इष्टच झाले. पण कायदा फार तर हुकुमाची सक्ती दूर करू शकतो. प्रघाताची सक्ती त्याच्या आवाक्याबाहेर आहे. 'आपली बदली झाली' या वाक्यातील 'आपली' हा शब्द कोणत्याही न्यायालयापुढे आणता येत नाही.

झाशीत या विषयावर बोलताना एका नावाजवळ थांबणे प्राप्त आहे. मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांच्या आश्रयाने काशीस राहिले आणि नंतर बिठूरला बाजीरावांकडे गेले. त्यांची मनू, म्हणजे परमुलखात दुसऱ्याच्या निमित्ताने वाढलेली मुलगी. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन ती या गावी आली. झाशीशी तिचा संबंध पतीच्या पदामुळे जडलेला होता. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, पुढील वर्षी संस्थान खालसा झाले, दरमहा पाच हजारांचे वेतन देऊ करून किल्ला सोडण्यास सांगण्यात आले. जिच्या निमित्ताने येथे येणे झाले ती नेमणूकच जणू संपली होती. तिने काशीस जाऊन राहावे यात कोणालाही वावगे वाटले नसते. ती येथेच राहिली. आणि १८५७ नंतरच्या धामधुमीत या गावाचा कारभार व संरक्षण तिने आपले म्हणून केले. सोबत आलेले माणूस ज्या दिवशी स्वतःच्या निश्चयाने थांबते, त्या दिवसापासून गाव त्याचे होते. २०२१ च्या अखेरीस येथील रेल्वेस्थानकाला तिचे नाव देण्यात आले. नेमणुकीचा कागद खिशात घेऊन येणारा प्रत्येक अधिकारी आज अशा स्थानकावर उतरतो, जे नेमणुकीवाचून येथे आलेल्या एका स्त्रीच्या नावाने ओळखले जाते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. प्रत्येक बदलीला अशी विचारणा होऊ लागली आणि उत्तर 'नाही' असे आले, तर दोन घरे, दोन खर्च, मुलांची ओढाताण. मग कुटुंब म्हणून उरले काय? आम्ही असे म्हणतो की तुटातुटीचे भय खरे आहे, पण ते एकानेच वाहावयाचे का? शिवाय आता पुढे जाणारी पत्नी आणि मागून येणारा पती हेही दृश्य नवलाचे राहिलेले नाही. पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, भूज, कलकत्ता असा प्रवास करीत गेल्या. पुढे १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या, आणि १८८६ च्या पदवीदानास गोपाळराव त्यांच्या मागून फिलाडेल्फियास पोहोचले. दुसऱ्याच्या कर्तृत्वाच्या छायेत परदेशी वावरणे त्यांना सुखाचे झाले नाही, असे चरित्रांवरून दिसते. ते नैसर्गिकच होते. मात्र जे पुरुषाला सहन होत नाही, ते स्त्रीला स्वभावतःच रुचते असे मानण्यास मग आधार राहत नाही.

विचारणा झाली म्हणजे नकारच येईल, हेही गृहीत धरू नये. माणसे बहुधा सोबत जातात, आणि आपुलकीने जातात. फरक पडतो तो पुढच्या तीन वर्षांत. जे ठरवून आले आहे ते माणूस परक्या गावाशी आपल्या हिशेबाने वागते, त्याच्याकडून काही मागते, त्याला काही देते. जे आणले गेले आहे ते दिवस मोजीत राहते.

तेव्हा ऋण आहे, असेच आमचे उत्तर आहे. पण ते निरोपसमारंभातील दोन गोड वाक्यांनी फिटणारे नव्हे. ते फेडण्याची वेळ फार आधी येते. पसंतीच्या ठिकाणांचा अर्ज भरताना, बढतीबरोबर येणारे दूरचे गाव स्वीकारताना. हुकूम हाती आल्यावर विचारणे हे सांगण्याचेच एक सभ्य रूप आहे. अर्ज कोरा असताना विचारावे, आणि उत्तर मनासारखे आले नाही तरी ते उत्तरच आहे असे धरून चालावे. एवढी तयारी ज्याची नसेल, त्याने आपल्या संसारातील सोबतीचा अभिमान जरा बेतानेच मिरवावा.